नांगराची निशाणी, पंचाची सही

रायपूरच्या गोल बाजारात पूजेच्या साहित्यापासून लग्नाच्या सामानापर्यंत सगळं मिळतं. समजा, तिथल्या एखाद्या गोदामावर पोलिसांची झडती आली. आत शिरण्याआधी अधिकाऱ्याला किमान दोन माणसं गाठावी लागतात. शेजारचा मसालेवाला, समोरचा कापडवाला. त्या मालाशी दोघांचं देणंघेणं नसतं, तरी झडती संपेपर्यंत थांबायचं, काय सापडलं ते बघायचं आणि यादीवर सही करायची. तिकडे त्यांना गवाह म्हणतात, आपल्याकडे पंच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 ला हे पंच स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि शक्यतो त्याच वस्तीतले हवे असतात. लेखी हुकूम मिळूनही सबळ कारणाविना नकार दिला तर तो गुन्हा ठरतो. 1 जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, पण पंच काही हटले नाहीत. कॅमेऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही ना!

खरी अडचण वेगळीच. शेजाऱ्याविरुद्ध सही केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत दुकान उघडायचं असतं. म्हणून पुढे कुणी येत नाही, मग पोलीस आपले नेहमीचेच पंच उभे करतात आणि न्यायालय त्यांच्याकडे संशयाने बघतं.

शिवकाळात आणि पेशवाईत हिशेब नेमका उलटा होता. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला बसत. ही माणसं तटस्थ नव्हती. वतन कुणाच्या घराण्यात चालत आलं हे आज्या-पणज्यापासून ठाऊक असणं, हीच त्यांची पात्रता. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, लिहिता न येणारे आपल्या धंद्याची निशाणी करत. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, चांभाराची रापी. मोडी मजकुराखालची ही चित्रं त्या रुक्ष कागदांत जीव आणतात. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द मोलाचा मानला जाई. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, गावाची हद्द त्यालाच विचारायची, हा विरोधाभास त्या सभेला खटकत नसावा.

गोही, म्हणजे साक्षीदार, मिळाले नाहीत किंवा त्यांचं आपसांत जुळलं नाही, तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात पिशवीत घालून मोहोरबंद करायचा आणि काही दिवसांनी जखम पाहून निवाडा द्यायचा. त्यापेक्षा आजची उलटतपासणी बरी.

आजचा कायदा साक्षीदारांची डोकी मोजत नाही. विश्वासार्ह असेल तर एकाच्या साक्षीवरही खुनाची शिक्षा होऊ शकते. काही कागदांना मात्र ठरावीक संख्या लागते. विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नाला तीन साक्षीदार, मृत्युपत्राला किमान दोन. मृत्युपत्रावर सही करताना बरेच लोक उगाच बिचकतात. कुणाला काय दिलं हे साक्षीदाराने वाचायची गरजच नसते. कागद करणाऱ्याने आपल्यादेखत सही केली किंवा ती आपलीच असल्याचं सांगितलं, एवढ्याचाच तो साक्षी.

पण हे सांगायची वेळ येते ती मृत्युपत्र करणारा गेल्यावर. म्हणून साक्षीदार वयाने लहान असलेले बरे, बरोबरीचे जुने मित्र नकोत. दोन्ही साक्षीदार हयात नसतील, तर निदान एकाचं हस्ताक्षर ओळखणारा कुणीतरी न्यायालयात उभा करावा लागतो.