भरदुपारी प्लेट कशी बदलायची? जुन्या कॅमेऱ्यांची अंधार सांभाळायची सिस्टीम

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे "म्हणजे", "बघा ना" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा प्रश्न साधा आहे. १८९० चं साल धरा. तुमच्याकडे लाकडी कॅमेरा आहे, भाता असलेला, तिपाईवरचा. त्यात रोल नाही, काचेची प्लेट आहे. एका प्लेटवर एकच फोटो. तुम्ही डोंगरावर उभे आहात, डोक्यावर लख्ख ऊन आहे आणि पहिला फोटो काढून झालाय. आता दुसरी प्लेट आत कशी घालणार?

मोबाईलवर आपण एका मिनिटात तीस फोटो काढतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्या डोक्यातच येत नाही. पण प्लेटवर प्रकाशाचा एक झोत पडला की ती प्लेट कायमची गेली. अनडू नाही, बॅकअप नाही. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. सगळ्या सिस्टीमचा नियम एकच: काहीही झालं तरी प्लेटला चुकीच्या क्षणी प्रकाश दिसता कामा नये. हा नियम उघड्यावर, उन्हात पाळायला माणसांनी काय काय केलं ते आज बघू.

आधी ओली प्लेट: डार्करूमच सोबत न्या

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि ओली असतानाच धुवायची. हाताशी असायची दहा-पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी. प्लेट वाळली की काम संपलं.

म्हणजे "लोडिंग" हा वेगळा प्रश्नच नव्हता. प्लेट तिथेच बनवायची, तिथेच धुवायची. त्यासाठी अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, सगळं पाठीवर. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेले तेव्हा त्यांनी दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी घेऊन तिचीच डार्करूम केली होती. सॅम्युअल बोर्न १८६० च्या दशकात हिमालयात फिरले ते हमालांची रांग घेऊन. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. मुंबईच्या दमट उकाड्यात बंद तंबूत ईथरच्या वासात उभं राहायचं म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा.

मग कोरडी प्लेट आली, आणि खरा प्रश्न सुरू झाला

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनच्या लेपाची कल्पना मांडली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी तो लेप गरम ठेवून त्याची संवेदनशीलता खूप वाढवली. आता प्लेट कारखान्यात तयार होऊन डब्यात मिळू लागली. आज काढलेला फोटो पुढच्या आठवड्यात घरी जाऊन धुतला तरी चालायचा. तंबू गेला, हमाल गेले.

पण प्लेट जितकी चपळ तितकी नाजूक. या सुरुवातीच्या प्लेटना मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाश "दिसायचा", लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून लाल काचेच्या दिव्याखाली त्या हाताळता यायच्या. डार्करूममधला तो सिनेमात दिसणारा लाल दिवा इथूनच आला. डोंगरावर मात्र लाल खोली कुठून आणणार?

उपाय पहिला: घरूनच भरून न्या

सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे दुहेरी डार्क स्लाइड. पुस्तकासारखी उघडणारी पातळ लाकडी चौकट. दोन्ही "पानांवर" एकेक प्लेट, मध्ये काळा पत्रा, म्हणजे एकीचा प्रकाश दुसरीला लागत नाही. बाहेरच्या दोन्ही बाजूंना सरकती झडप. रात्री घरी लाल दिव्याखाली प्लेटा भरायच्या, लेपाची बाजू बाहेर म्हणजे लेन्सकडे, आणि पुस्तक बंद.

उन्हात गेल्यावर क्रम असा: मागच्या दुधी काचेवर चित्र नीट फोकस करा. लेन्सवर झाकण लावा. दुधी काच बाजूला करून तिथे स्लाइड बसवा. झडप ओढा. झाकण काढा, सेकंद मोजा, झाकण लावा. झडप बंद करा. मग स्लाइड बाहेर.

यातली मजा बघा. प्लेट आणि ऊन यांच्यामध्ये दोन दरवाजे आहेत: लेन्सचं झाकण आणि स्लाइडची झडप. दोन्ही एकाच वेळी उघडे फक्त फोटोच्या त्या क्षणापुरते. बाकी कायम किमान एक बंद. क्रमातली एक पायरी इकडची तिकडे झाली की प्लेट गेली. कोड लिहिणाऱ्यांनो, हे लॉक लावण्याच्या क्रमासारखंच आहे, फक्त इथे एरर मेसेज येत नाही. घरी जाऊन प्लेट धुतली की सगळी काळी निघते, तेव्हा कळतं.

झडपेच्या फटीतून ऊन शिरू नये म्हणून तिथे मखमलीची पट्टी असायची. तरीही जाणकार लोक झडप ओढताना वरून काळं कापड टाकायचे.

अडचण एकच, वजन. माझा साधा हिशोब: हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. काच २ मिलिमीटर जाडीची धरली तर एका प्लेटचं वजन साधारण १०० ग्रॅम होतं. बारा प्लेटा म्हणजे सव्वा किलो नुसती काच, वर सहा लाकडी स्लाइड, कॅमेरा, तिपाई. आणि तेरावा फोटो? तो नाहीच.

उपाय दुसरा: काळी पिशवी

तेरावा फोटो हवा असेल तर चेंजिंग बॅग. जाड काळ्या कापडाची दुपदरी पिशवी, तिला दोन बाह्या, बाह्यांना इलॅस्टिक. आत प्लेटांचा डबा आणि रिकामी स्लाइड ठेवायची, तोंड बंद करायचं, बाह्यांतून हात घालायचे. आता सगळं काम बोटांच्या डोळ्यांनी.

पहिला प्रश्न: लेपाची बाजू कुठली? पिशवीत दिवा नाही. जुनी युक्ती अशी की किंचित ओलं बोट प्लेटच्या अगदी कोपऱ्याला लावायचं. चिकटलं तर तो जिलेटिनचा लेप, गुळगुळीत लागलं तर नुसती काच. दुसरा प्रश्न: फोटो काढलेली प्लेट कुठली आणि कोरी कुठली? हाताला दोन्ही सारख्याच लागतात आणि प्रकाशात बघायची सोय नाही. म्हणून ठरलेली जागा, ठरलेला क्रम, आणि बाहेर आल्यावर लगेच वहीत नोंद. तिसरा प्रश्न घामाचा. उन्हात त्या पिशवीत हात घालून दहा मिनिटं बसलं की आत वाफ धरते, आणि जिलेटिनला ओलावा म्हणजे बोटांच्या ठशांचं निमंत्रण.

घरी एक प्रयोग करून बघा. उशीच्या अभ्र्यात आठ पत्ते आणि एक रिकामा डबा घाला. हात आत घालून, न बघता, चार पत्ते चित्र वर करून डब्यात ठेवा आणि चार उलटे. मी केलाय. साध्या घरात, पंख्याखाली बसूनसुद्धा वेळ लागतो.

जयपूरला हवामहलसमोर मिनिट कॅमेरावाले बसायचे, त्यांचा लाकडी खोका हीच कल्पना पुढे नेतो. खोक्याच्या बाजूला बाही, आत रसायनांच्या वाट्या. हात आत घालून कागद लावायचा आणि आतच धुवायचा. कॅमेरा हीच डार्करूम.

उपाय तिसरा: डब्यातून स्लाइडमध्ये, मध्ये उजेड नाही

काहींनी हातच काढून टाकला. चेंजिंग बॉक्स नावाचा डबा यायचा, त्यात प्लेटा खोबणीत उभ्या. डब्याच्या तोंडाला झडप, स्लाइडच्या तोंडालाही झडप. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडल्यावरच झडपा सरकवायच्या. मग डबा तिरका करायचा, प्लेट स्वतःच्या वजनाने घसरून स्लाइडमध्ये जाते. झडपा बंद, मग वेगळं करा. अंतराळयानाचं एअरलॉक असतं ना, अगदी तसं. फक्त इथे हवेऐवजी अंधार सांभाळायचा.

उपाय चौथा: कॅमेऱ्यातच रांग

१८८० च्या दशकात "डिटेक्टिव्ह" म्हणवले जाणारे खोक्यासारखे हातातले कॅमेरे आले. त्यांच्या पोटात साधारण बारा प्लेटा, प्रत्येक पातळ पत्र्याच्या चौकटीत. मागून स्प्रिंग सगळ्यांना पुढे ढकलते. फोटो काढला की खटका दाबायचा, पुढची प्लेट खाली आडवी पडते, मागची तिच्या जागी येते. आपल्या भाषेत सरळ क्यू: जी पहिली उभी तिचा नंबर पहिला.

दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्याला मऊ चामड्याची थैली असायची. वापरलेली प्लेट थैलीत उचलून घ्यायची, चामड्यातूनच बोटांनी पकडायची आणि रांगेच्या शेवटी खोचायची. हा सर्क्युलर क्यू झाला. तोटे? खटका अडकला की दोन प्लेटा एकदम पडायच्या, आणि बारा संपल्या की पुन्हा लाल खोली.

आणि मग अंधार पाकिटात आला

खरी उडी इथे आहे. आधीच्या सगळ्या उपायांत अंधार कॅमेरावाल्याने सांभाळायचा होता. आता तो कारखान्यातूनच मालासोबत येऊ लागला.

१८८८ चा कोडॅक आठवा. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल. संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, १० डॉलरमध्ये फोटो धुऊन आणि नवा रोल भरून परत. लोडिंगचा प्रश्न सोडवला नाही, तो ग्राहकाच्या हातातूनच काढून घेतला. १८९२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल टर्नर यांच्या बुल्स-आय कॅमेऱ्यात फिल्मच्या मागे काळा कागद आला, कागदावर आकडे, कॅमेऱ्याच्या पाठीला छोटी लाल खिडकी. रोलच्या दोन्ही टोकांना कागदाचे जास्तीचे वेढे, त्यामुळे उजेडातच भरा आणि उजेडातच काढा. १८९५ मध्ये ईस्टमन यांनी ती कंपनीच विकत घेतली. १९०१ मध्ये आलेला १२० रोल याच पद्धतीचा, आणि तो आजही विकत मिळतो.

प्लेट कॅमेरावाल्यांसाठी १९०३ मध्ये फिल्म पॅक आला. चपट्या डब्यात सेल्युलॉइडच्या बारा पातळ शीट, प्रत्येकीला काळा कागद चिकटवलेला, कागदाची शेपटी बाहेर. फोटो काढला की शेपटी ओढायची. काढलेली शीट वळून मागे जाते, नवी समोर येते. जुन्याच प्लेट कॅमेऱ्याला एक अडॅप्टर लावला की झालं. ज्याच्याकडे डार्करूम नाही, वेगळी खोली नाही, रात्रीचा निवांत वेळ नाही, अशा माणसालाही आता प्रवासात फोटो काढता येऊ लागले. फोटोग्राफी सगळ्यांची झाली ती लेन्स सुधारल्यामुळे जेवढी, तेवढीच या काळ्या कागदामुळे, असं माझं मत आहे.

हे आज कशाला माहीत हवं?

कारण अंधारात जपलेलं चित्र फार दिवस टिकतं. स्वीडनचे आन्द्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बर्फात अडकून गेले. १९३० मध्ये क्विटओया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत स्ट्रिंडबर्गचा कॅमेरा आणि न धुतलेल्या फिल्म. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या धुतल्या आणि नव्वदहून जास्त फोटो वाचले. ३३ वर्षं बर्फात! तो डबा कुणी कुतूहलाने तिथेच उन्हात उघडला असता तर?

म्हणून आता कामाची गोष्ट. आजोबांच्या ट्रंकेत, वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात प्लेटांचे डबे सापडतात. घोळ असा की धुतलेल्या निगेटिव्हसुद्धा लोक त्याच रिकाम्या डब्यांत ठेवायचे. म्हणजे "फक्त लाल दिव्यात उघडा" असं छापलेल्या डब्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही.

• डबा चिकटपट्टीने बंद असेल तर उघडू नका. मोबाईलचा टॉर्च मारून "जरा बघू" तर अजिबात नको.
• लाल दिव्यावरही विसंबू नका. नंतरच्या काळातल्या पॅनक्रोमॅटिक प्लेटना लालही दिसतो.
• भरलेल्या डार्क स्लाइडची झडप ओढून बघू नका. आत प्लेट असू शकते.
• डब्यावरचा मजकूर, कंपनीचं नाव, हाताने लिहिलेली टीप, यांचा बाहेरून फोटो काढून ठेवा.
• कोरड्या, थंड जागी ठेवा आणि ज्याच्याकडे खरीखुरी डार्करूम आहे अशा जाणत्या माणसाकडे द्या.
• डबा आधीच उघडलेला असेल आणि आत धुतलेल्या निगेटिव्ह दिसत असतील तर कडांनी धरा. ओल्या फडक्याने पुसू नका, लेप जिलेटिनचा आहे, निघून येईल.

कदाचित आत काहीच नसेल. कदाचित कुणाच्या तरी लग्नातला, घरात कुणीच न पाहिलेला फोटो असेल. डबा उघडेपर्यंत दोन्ही शक्यता शाबूत आहेत, तेव्हा घाई करू नका.

तुमच्या घरी असा डबा किंवा जुना कॅमेरा असेल तर आम्हाला नक्की कळवा. डबा बंद ठेवूनच! पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा.