आवाज दाबला, पण सोडायचा कधी?

रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकताना कधी कधी एक गंमत जाणवते. समालोचक बोलत असतो तोवर मैदानातला गलका मागे असतो. तो थांबला, की गलका फुगत फुगत पुढे येतो आणि त्याने पुन्हा तोंड उघडलं की झटकन मागे सरतो. प्रेक्षक काही समालोचकाची वाक्यं मोजून ओरडत नसतात. ही करामत प्रक्षेपणाच्या साखळीतल्या कॉम्प्रेसरची असते आणि त्यातही त्याच्यावरच्या एका बटणाची. त्या बटणाचं नाव रिलीज.

कॉम्प्रेसरचं काम तसं सरळ आहे. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की तो दाबायचा. याला कारणही पक्कं आहे. एफएममध्ये आवाजाबरोबर वाहक लहरीची वारंवारता मागेपुढे हलते आणि दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपलीकडे तिला जाऊ द्यायचं नसतं. ही मर्यादा सगळ्या स्टेशनांना सारखीच. त्यामुळे शेजारच्या स्टेशनापेक्षा मोठं वाजायचं तर शिखरं दाबून मधला हळू भाग वर उचलणं, एवढाच रस्ता उरतो. दाबण्याच्या वेगाला अटॅक म्हणतात. त्यातही खाचाखोचा आहेत, पण खरा पेच पुढचा आहे: दाबलेला आवाज पूर्वपदावर किती वेळात आणायचा?

शास्त्रीय गायनाची मैफल घ्या. रिलीज पाच सेकंदांचा ठेवला, तर तबल्याच्या एका दणदणीत थापेनंतर गायिकेचा आवाज काही सेकंद खोल गेल्यासारखा वाटतो. उलट तो ५० मिलिसेकंदांवर आणला, तर प्रत्येक थापेला तानपुरा दबतो आणि लगेच उसळून वर येतो. एरवी अखंड वाहणारा तो सूर धापा टाकायला लागतो. ध्वनिमुद्रणवाले याला ‘पंपिंग’ म्हणतात.

घाईच्या रिलीजचा दुसरा तोटा कानाला पटकन कळत नाही. ५० हर्ट्झच्या खर्जातलं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं आणि त्यात वरचं एक, खालचं एक अशी दोन टोकं येतात. म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक टोक. रिलीज फारच झटपट असेल तर कॉम्प्रेसर आवाजाची पातळी सांभाळायचं सोडून लहरीच्या आकाराशीच झटापट करतो. त्यातून मूळ ध्वनीत नसलेली तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्झची वारंवारता जन्माला येते. खर्ज राठ, घोगरा होतो आणि दोष स्पीकरच्या माथी जातो.

मग योग्य आकडा कोणता? जुन्या यंत्रकारांनी फार आधीच ओळखलं होतं, की एका आकड्याने भागत नाही. मूळचे एस्टोनियाचे अभियंते राइन नार्मा यांनी रचलेला, १९५९च्या सुमारास आलेला फेअरचाइल्ड ६७० हा लिमिटर, म्हणजे कडक कॉम्प्रेसर, पाहा. वीस व्हॉल्व्हचं हे अवजड धूड मुख्यतः तबकड्या कापताना वापरत. त्याच्या खटक्याला सहा जागा होत्या. पहिल्या चार जागा ठरीव वेळांच्या, ०.३ सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत. सहावी जागा मात्र स्वतः विचार करणारी. एखादंच शिखर आलं तर ०.३ सेकंदात सुटका, लागोपाठ शिखरं आली तर १० सेकंद आणि आवाज सतत चढाच राहिला तर २५ सेकंद. संगणक नाही, चिप नाही; सगळी अक्कल कपॅसिटर आणि रोधकांच्या जोडणीत. मला ही त्या काळातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

समालोचनाच्या गलक्यावरचा इलाज निराळा. एलपी तबकडीमुळे नाव झालेले पीटर गोल्डमार्क ज्या सीबीएस लॅबोरेटरीजचे प्रमुख होते, तिथे ऑडिमॅक्स नावाचं यंत्र तयार झालं. बोलणारा थांबला की ते आवाज वर न उचलता आहे तिथेच धरून ठेवत असे. याला गेटिंग म्हणतात. पुढे बॉब ऑर्बन यांच्या ऑप्टिमॉड ८१००च्या फळीवर रिलीज आणि गेट ही बटणं आलीच, शिवाय खर्जासाठी वेगळा कॉम्प्रेसरही आला. त्यामुळे ढोल वाजला म्हणून गाणाऱ्याचा गळा दाबला जाणं बरंच कमी झालं.

एवढी सोय असूनही पुष्कळ स्टेशनं घाईच्या रिलीजकडेच का झुकतात? उत्तर व्यवसायात आहे. रिलीज घाईचा ठेवला की हळू भाग लगेच वर येतो आणि स्टेशन मोठं वाजतं. चॅनल बदलताना जे मोठं वाजतं तिथे बोट थबकतं, असा जुना समज आहे. पण थबकलेला श्रोता टिकतो का, हा प्रश्न वेगळा. ज्या आवाजाला उसंतच नाही तो कानाला शिणवतो. युरोपीय प्रसारण संघटनेने २०१० साली आर १२८ या शिफारशीत शिखरांऐवजी सरासरी जाणवणारी पातळी मोजायला सांगितली आणि टीव्हीवरच्या अशाच चढाओढीतली हवाच काढून घेतली. सगळ्यांना एकाच पातळीवर आणून ठेवल्यावर कॉम्प्रेसर पिळून फायदा तो काय?

एफएम केंद्रात किंवा सामुदायिक रेडिओवर हे बटण तुमच्या हाती असेल, तर आधी गेट चालू करा आणि रिलीज संथ ठेवा. मग मागे पंखा किंवा रहदारी ऐकू येणारी एक मुलाखत लावा आणि रिलीज हळूहळू जलद करत जा. बोलणारा थांबल्यावर पंखा वर यायला लागेल, तिथून बटण थोडं मागे घ्या. आणि निर्णय निदान अर्धा तास ऐकल्यावरच करा. पहिल्या दोन मिनिटांत घाईचा रिलीज सगळ्यांनाच आवडतो.