बाळंतिणीचे दूध खरेच ‘पाणी’ असते का?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घरी बाळाची छट्टी होती. मुबारकबाद द्यायला गेले, तर बाळंतीण रडवेली होऊन बसलेली. दवाखान्याच्या कागदावर हिमोग्लोबिन ९ लिहिले होते. त्यावरून घरातल्या मोठ्या खालांनी निकाल देऊन टाकला होता, “हिच्याच अंगात रक्त नाही, दुधात ताकद कुठून येणार? नुसतं पाणी आहे.” पावडरच्या दुधाचा डबाही फडताळात येऊन बसला होता.

खालांचा हेतू वाईट नव्हता, पण हिशेब चुकला होता. आईच्या दुधात लोह, जस्त, तांबे, आयोडीन, सेलेनियम अशी खनिजे अगदी थोड्या प्रमाणात असतात. लोह तर एका लिटरमागे मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच. ते आईचे रक्त कमी असल्यामुळे नव्हे. धडधाकट आईच्या दुधातही ते साधारण तेवढेच असते. लोह, जस्त आणि तांबे ही तीन खनिजे स्तनातल्या पेशी आईच्या रक्तातून ठरावीक मापाने उचलतात. आई काय जेवली, कमी जेवली, याचा त्या मापावर फारसा फरक पडत नाही. शिवाय दुधातले थोडेसे लोह बाळाच्या जितके अंगी लागते, तितके गाईच्या दुधातले लागत नाही. पहिल्या सहा महिन्यांची मुख्य शिदोरी बाळ पोटातूनच घेऊन येते, तीही बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून लोहाच्या गोळ्या गरोदरपणात चुकवू नयेत. नाळही जन्मल्याबरोबर न कापता निदान एक मिनिट थांबून कापावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग अशक्त आईचे नुकसान होत नाही का? होते, तिचे स्वतःचे. बाळाचा वाटा आधी निघतो, उरलेल्यात आईने भागवायचे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हरीरा, हळिवाचे लाडू, कलेजी, खजूर, लिंबू पिळलेली पालेभाजी हे बाळंतिणीला द्यायचे ते तिच्यासाठी. आणि जेवणाला लागूनचा चहा बंद. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. (हे सांगितले की आमच्या स्टाफरूममध्येही कोणाला आवडत नाही.)

आयोडीन आणि सेलेनियमची गोष्ट मात्र वेगळी आहे. आईच्या पोटात गेले तरच ते दुधात उतरतात. फिनलंडमध्ये जमिनीत सेलेनियम कमी होते. तिथे १९८० च्या दशकात खतातून ते द्यायला सुरुवात झाली आणि आईच्या दुधातले प्रमाणही वाढले. आपल्याकडे आयोडीनसाठी सोपा उपाय मिठाचा. आयोडीनयुक्त मीठ घ्यावे, झाकणाच्या बरणीत ठेवावे, चुलीजवळ उघडे ठेवू नये. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्या मातांच्या दुधात आयोडीन जवळपास निम्मेच आढळले. आपल्या बायका सिगारेट ओढत नसतील, पण मिश्री लावणाऱ्या कितीतरी आहेत. तंबाखूतले निकोटिनही दुधात उतरते.

जस्त सगळ्यात जास्त असते पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकात. हाच चीक ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकणारी घरे मी पाहिली आहेत! पुढे जस्त उतरत जाते, सहाव्या महिन्यात लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम उरते. लोहाची शिदोरीही तेव्हाच संपत येते. म्हणून सहा महिने पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला मऊ खिचडी, डाळ, अंडे, बारीक केलेले मांस सुरू करायचे. दूध बंद करायचे नाही. सूरह बकरामध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे, ती आपल्याला ठाऊकच आहे.

हे सगळे मी खालांना माझ्या परीने सांगितले. डब्याचे दूध सुरू केले की बाळ अंगावर कमी पिते, आणि कमी प्यायले की दूध आटते, हेही सांगितले. बाळंतिणीला रक्तवाढीच्या गोळ्यांसाठी पुन्हा डॉक्टरांकडे न्यायचे ठरले. खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आपा, रमजानमध्ये रोजे ठेवले तर?”

प्रश्न अगदी योग्य होता. तुर्कस्तानात अंकारा शहरातल्या २१ स्तनदा मातांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रोज्यांच्या काळात त्यांच्या दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश तसेच राहिले. जस्त, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मात्र घटले. स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर दूध पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहेच. कजा किंवा फिदयाबद्दल आपल्या आलिमांना विचारावे, असे मी म्हणाले.

“मग कजा थंडीत ठेवेल,” खाला म्हणाल्या, “तेव्हा दिवस लहान असतो.” आणि सुनेसाठी हरीरा गरम करायला आत गेल्या.