काळा साप, पण कोणता?

ईरी सरोवराच्या काठी, कॅनडातल्या लाँग पॉइंटसारख्या ठिकाणी काळाकुळकुळीत साप दिसतो. हनुवटी तेवढी पांढरी. पिवळे पट्टे नाहीत, म्हणून हा गार्टर साप असेल असं मनातही येत नाही. पण बहुधा तोच असतो, आपल्या दिवडाचा लांबचा नातलग. आई-बाप दोघांकडून एकेक अप्रभावी जनुक आला की काळं रंगद्रव्य पट्टे झाकून टाकतं.

रंगावर विसंबूच नये. अमेरिकेतल्या काळ्या रेसर सापाचीही हनुवटी पांढरी असते. खरी ओळख खवल्यांत आहे. रेसरचे गुळगुळीत, गार्टरच्या पाठीवरच्या खवल्यांवर मधोमध बारीक उभी कड. गुदद्वारावरचा खवला गार्टरचा अखंड, रेसरचा दुभागलेला. त्यासाठी साप पकडायची गरज नाही. टाकलेल्या अखंड कातीवरही या दोन्ही खुणा दिसतात.