मेन्यू: तीन दशकांचा मागोवा

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर आणली, तेव्हा तिला आजच्यासारखा मेन्यू नव्हता. लिंक मजकुरातच होत्या. वाचत जायचं आणि हवा तो शब्द दिसला की पुढच्या पानावर जायचं. पानं मोजकी होती तोवर हे निभावलं. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी याहू सुरू केलं. विषय, उपविषय, पोटविषय अशी लावलेली ती वेबसाइटांची यादी होती. पसारा वाढला की आधी वर्गवारी नीट हवी, हे तिथे दिसलं.

पण वर्गवारीही वाढतेच. अ‍ॅमेझॉनच्या पानावर आधी पुस्तकं आणि संगीत असे मोजके टॅब होते. २००० च्या सुमारास त्यांच्या दोन रांगा झाल्या आणि शेवटी ती पद्धतच सोडावी लागली. तोवर माउस नेताच उघडणारे मेन्यू सगळीकडे आले होते. जागा वाचली, पण नवी अडचण उभी राहिली. डावीकडच्या एका नावावर माउस नेला की उजवीकडे पोटमेन्यू उघडतो. त्यातल्या खालच्या ओळीकडे जाताना हात साहजिकच तिरका जातो. वाटेत माउस पुढच्या नावाला लागतो आणि भलताच पोटमेन्यू समोर येतो. अनेकांनी मेन्यू जरा उशिरा बदलेल अशी सोय केली, पण त्यामुळे तो रेंगाळू लागला. अ‍ॅमेझॉनने पुढे माउसपासून पोटमेन्यूच्या वरच्या आणि खालच्या टोकापर्यंत एक अदृश्य त्रिकोण धरला. माउस त्या त्रिकोणातून पुढे जात असेल, तर पोटमेन्यू उघडाच ठेवायचा. वापरणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याचं काम मात्र अडत नाही.

२००७ मध्ये आयफोन आला आणि पडदा तळहाताएवढा झाला. नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलेलं तीन आडव्या रेघांचं चिन्ह आता घरोघरी पोचलं. अख्खा मेन्यू त्याच्यामागे गेला. पान मोकळं दिसू लागलं, पण जे डोळ्यांसमोर नाही ते लोक शोधत नाहीत. २०१६ मध्ये नीलसन नॉर्मन ग्रुपच्या चाचण्यांत हेच दिसलं: लपवलेला मेन्यू कमी वापरला जातो आणि कामाला वेळ जास्त लागतो. फेसबुकने आयफोनवर २०१३ मध्येच मुख्य पर्याय पडद्याच्या तळाशी, उघडे आणून ठेवले होते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१२ चा टप्पा. ब्रिटन सरकारने गव्ह-डॉट-यूके सुरू केलं आणि माहितीची मांडणी खात्यांप्रमाणे न करता लोकांच्या कामांप्रमाणे केली. आपल्याकडे जमिनीच्या नोंदींच्या महाभूलेख साइटवर सातबारा पाहताना याचीच प्रचिती येते. ७/१२, ८अ की मालमत्ता पत्रक, हे तिथे लोकांच्या तोंडी असलेल्या नावांनीच विचारलं जातं. मग जिल्हा, तालुका, गाव. शेतकरी आपल्या जमिनीचा पत्ता सांगतो तो याच शब्दांत. उलट, पाणीपट्टी भरायला आलेल्या माणसाने ती ‘नागरी सेवा व्यवस्थापन’ या नावाखाली कशी शोधावी?

सुगम्यतेच्या जागतिक निकषांनीही मोठा हातभार लावला. २००८ च्या आवृत्तीने मेन्यूचा क्रम प्रत्येक पानावर सारखा ठेवायला सांगितलं. २०२३ च्या आवृत्तीने बोटाने दाबायच्या जागेला किमान २४ पिक्सेलचं माप घालून दिलं. थरथरत्या हाताच्या आजोबांना त्याचा उपयोग आहेच, पण धावत्या लोकलमध्ये उभ्याने फोन वापरणाऱ्यालाही आहे.

तीस वर्षांत टॅब आले, त्रिकोण आले, रेघा आल्या. मेन्यू खरोखर सुधारला तो मात्र प्रत्येक वेळी वापरणाऱ्याकडे पाहून. म्हणून नवी साइट करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी पानांची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, ज्यांच्यासाठी साइट आहे त्यांच्यापुढे ठेवा आणि गट त्यांनाच पाडू द्या. रंग आणि चिन्हं त्यानंतर ठरवा.