हिरव्या डोंगरावरील बर्फ

बर्फाची मौज पाहावयाची तर दूर उत्तरेस जावे लागते, अशी सर्वसाधारण समजूत असते. चीनमधील हार्बिन नगरात हिवाळ्यात सोंगहुआ नदीचे गोठलेले पाणी कापून त्याचे महाल उभारतात. जपानमधील सापोरो येथे १९५० पासून हिमशिल्पांचा उत्सव भरतो. ओमान हा मात्र खजुराचा आणि रणरणत्या उन्हाचा देश. उन्हाळ्यात मस्कतचा पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि रात्रीही अंगाची तलखी शमत नाही. अशा देशात कोणी बर्फ पाहावयास निघाले, तर ऐकणाऱ्यास ती थट्टाच वाटावी. तरीही जानेवारीत गारठा वाढला, म्हणजे मस्कतचे रहिवासी सुटीच्या दिवशी जबल अल अख्दरची, अर्थात ‘हिरव्या डोंगरा’ची, वाट धरतात. नोकरीनिमित्त तेथे राहणारी मराठी कुटुंबेही एरवी पेटीत पडून राहणारे स्वेटर आणि कानटोप्या घेऊन त्यांत सामील होतात.

डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल मौझ हे गाव आहे. ‘केळींचे तळे’ असा या नावाचा अर्थ. गावातून ‘फलज अल खतमीन’ नावाचा प्राचीन पाट वाहतो. भूमीच्या पोटातील पाणी केवळ उताराच्या बळावर शेतापर्यंत आणावयाचे आणि वेळेच्या मापाने प्रत्येकास वाटून द्यावयाचे, ही फलजची रीत होय. देशात असे सुमारे ३००० पाट आजही उपयोगात आहेत. गाव मागे पडले की घाट सुरू होतो. तो इतका उभा आहे की, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या मोटारींनाच पोलीस चौकीवरून वर सोडले जाते. पक्का रस्ता होण्यापूर्वी ही चढण माणसे पायी आणि ओझी गाढवांच्या पाठीवरून चढत असत.

सुमारे २००० मीटर उंचीवर सैकचे पठार लागते. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. त्यातच रात्री वारा पडला आणि आकाश निरभ्र राहिले, तर जमिनीची ऊब वर निघून जाते, जड झालेली थंड हवा सखल जागी साचते आणि पारा शून्याखाली उतरतो. मग पहाटे डबक्यांवर काचेसारखा पापुद्रा धरलेला दिसतो. गवताच्या पात्यांवर पांढरी भुकटी पसरलेली असते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते, तसाच हा देखावा. मुले तो पापुद्रा हाती धरतात, बोटे बधिर झाली तरी सोडीत नाहीत. येथे तिकीट नाही, रोषणाई नाही, मूर्तिकारही नाही. कड्यावर ऊन आले की थोड्याच वेळात सारे विरून जाते आणि पाहुणे गरम चहाचे घोट घेत परतीच्या वाटेला लागतात.

डोंगरावरचा शेतकरी मात्र या थंडीकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. अल ऐन, अश शरैजा आदी गावांनी कड्याच्या उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेते केली आहेत. तेथे डाळिंब, पीच, जर्दाळू, अक्रोड आणि गुलाब होतात. वसंतात गुलाबाच्या पाकळ्या पहाटे खुडून त्यांचे गुलाबपाणी काढले जाते. यांतील पीच-जर्दाळूसारखी झाडे हिवाळ्यात निद्रिस्त होतात आणि पुरेसे तास थंडी खाल्ल्याविना नीट फुलत नाहीत. कोकणातील आंब्याचेही काहीसे असेच आहे. थंडीची चाहूल लागली नाही, तर मोहोर लांबतो आणि बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळते.

ही थंडीच आता कमी होत चालली आहे. सैक येथील सुमारे पंचवीस वर्षांच्या हवामान-नोंदी तपासून २००९ साली संशोधकांनी दाखवून दिले की, झाडांना मिळणारे थंडीचे तास घटत आहेत. उंच गावांहून अधिक झळ खालच्या अंगाच्या बागांना बसणार, हे उघड आहे. झाडे आणखी वर न्यावीत, तर वर माती नाही आणि पाट नाही. प्रवाशाची एका सकाळची गंमत हुकली, तर तो पुढल्या वर्षी पुन्हा येईल. बागेचा बहर हुकला, तर घरचे वर्ष हुकते.

गिरमिटावर सागर ओलांडून गेलेल्यांच्या वंशजांना हा भेद समजावून सांगावयास नको. वाऱ्यावर डोलणारा ऊस पाहून पाहुण्याचे डोळे निवतात. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी तो तोडला, त्याला त्या हिरवळीत घाम दिसतो. मॉरिशसमधील आप्रवासी घाट आणि ओमानचे पाट एकाच वर्षी, २००६ साली, जागतिक वारशाच्या यादीत नोंदले गेले. एका ठिकाणी मजुरांनी चढलेल्या दगडी पायऱ्या आहेत, दुसऱ्या ठिकाणी शेतकऱ्यांनी खोदलेले पाण्याचे मार्ग. दोन्ही स्थळे कष्टकऱ्यांच्या पिढ्यांची साक्ष देतात.

म्हणून हिरव्या डोंगरावर जाणाऱ्याने बर्फाचा पापुद्रा अवश्य हाती घ्यावा, मुलांस दाखवावा. आणि उतरण्यापूर्वी क्षणभर त्या दगडी बांधांवर उभे राहून निष्पर्ण झाडांकडेही पाहावे. त्या सकाळच्या गारठ्यातच त्यांचा येता बहर साठत असतो.