महाड–पोलादपूर परिसरातील सायकल पर्यटन

सायकलवरून प्रवास करीत स्थळे पाहणे व वाटेतील गावांत मुक्काम करणे, या पर्यटनप्रकारास सायकल पर्यटन म्हणतात. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या डोंगराळ तालुक्यांत ते शाश्वत ग्रामविकासाचे साधन ठरू शकते.

मार्ग व स्थळे
महाड हे सावित्री नदीकाठी मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सत्याग्रह केलेले चवदार तळे शहरातच असून गांधारपाले येथील बौद्ध लेणी जवळच आहेत. महाडपासून सुमारे २५ किमीवर रायगड किल्ला असून पायथ्याच्या पाचाड गावी जिजाबाईंची समाधी आहे. शिवथरघळ हे समर्थ रामदासांच्या दासबोधाचे लेखनस्थान मानले जाते. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. आंबेनळी घाट पोलादपूरहून महाबळेश्वरकडे, तर वरंध घाट महाडहून भोरकडे जातो. कोकण रेल्वेचे वीर स्थानक महाड तालुक्यात आहे.

ग्रामविकासाशी संबंध
या भागातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. भात, नाचणी व वरी ही पिके निघाल्यावर शेतातील काम कमी होते आणि अनेकजण रोजगारासाठी मुंबई–पुण्याकडे जातात. सायकलप्रवासास अनुकूल असा हिवाळाही याच काळात येतो. मोटारीने आलेला पर्यटक रायगड पाहून त्याच दिवशी परतू शकतो. सायकलस्वाराला मात्र वाटेत पाणी, जेवण, विश्रांती व निवारा लागतो. त्यामुळे त्याचा खर्च लहान गावांत विभागला जातो. घरगुती निवास, नाचणीची भाकरी, वाटाड्याचे काम व सायकलदुरुस्ती यांसाठी मोठे भांडवल लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार शेतकऱ्यांना अशा केंद्रांची नोंदणी करता येते.

मर्यादा
पावसाळ्यात घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये महाड शहरास महापुराचा तडाखा बसला व तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यामुळे पावसाळ्यात घाटमार्ग टाळणे इष्ट ठरते. महामार्गावरील अवजड वाहतूक हाही धोका असल्याने गावांतून जाणारे अंतर्गत रस्ते सुस्थितीत असणे आवश्यक आहे. निवास व भोजनव्यवस्था बाहेरच्या व्यावसायिकांकडे गेल्यास उत्पन्न गावात राहत नाही. म्हणून ग्रामपंचायत व महिला बचत गटांचा सहभाग महत्त्वाचा ठरतो. कचरा व्यवस्थापन आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई यांचाही आधी विचार करावा लागतो.